घरी सांगता येईल का?

खोपोलीजवळच्या साजगावला कार्तिकी एकादशीपासून विठोबाची यात्रा भरते. भाविक या जागेला धाकटी पंढरी म्हणतात. यात्रेत सुक्या मासळीचा मोठा बाजार लागतो, म्हणून लोकांच्या तोंडी हा देव ‘बोंबल्या विठोबा’ झाला. तुकोबा मिरचीच्या व्यापारासाठी घाट उतरून इथे येत, असं इथली जुनी माणसं सांगतात. खालापूर-कर्जतकडच्या घरांत मुलाचं वय या यात्रेवरून मोजता येईल. पाच वर्षांचं पोर बापाच्या खांद्यावर बसून पाळणे बघतं. आठ-नऊ वर्षांचं पोर आईचा पदर ओढत खेळण्यासाठी हट्ट धरतं. मग तेरा-चौदाव्या वर्षी कधीतरी तेच पोर म्हणतं, “तुम्ही व्हा पुढं. मी पोरांबरोबर येतो.”

आईला वाटतं, पोरगं हातचं गेलं. वडील विचारतात, कुठली पोरं, कोणाची पोरं? मुलीनं असं म्हटलं तर पुष्कळ घरांत प्रश्न विचारण्याआधीच नकार येतो. मुलाला मात्र आईवडील नकोसे झालेले नसतात. त्याला चार जणांत आपली जागा पक्की करायची असते. इथून सुरू झालेली ओढाताण पुढची पाच-सहा वर्षं चालते. त्या काळात मुलाचं मन सुदृढ राहतं की खचतं, याचा घर आणि मित्र या दोन नात्यांशी जवळचा संबंध आहे. जगभर झालेला अभ्यास वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. बाहेर जे घडतं ते मुलाला घरी येऊन सांगता आलं पाहिजे. ज्या घरात हे जमतं तिथे मित्रांच्या ओढीतून मूल मोठं होतं. जिथे जमत नाही तिथे अडचणीच्या वेळी ते फार एकटं पडतं.

दुरावा किती खरा?

अमेरिकेत रीड लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात शिकागोजवळच्या मुलांचा दिवस कसा जातो, याचा बारकाईनं अभ्यास केला. मुलांजवळ एक छोटं यंत्र दिलेलं असे. ते दिवसातून कधीही वाजलं की त्या क्षणी आपण कुठे आहोत, कोणाबरोबर आहोत, कसं वाटतंय, हे मुलांनी लिहायचं. दहा वर्षांची मुलं जागेपणीचा ३५ टक्के वेळ घरच्यांबरोबर घालवत होती. अठराव्या वर्षापर्यंत हा वाटा १४ टक्क्यांवर आला. एवढंच वाचलं तर कुठल्याही आईबापाला धडकी भरेल.

पण त्याच अभ्यासात आणखी दोन गोष्टी दिसल्या. आईशी किंवा वडिलांशी एकट्यानं होणारं बोलणं वयाबरोबर कमी झालं नव्हतं. आणि मुलं घरापासून लांब राहत होती ती घरातल्या भांडणांमुळे नव्हे. बाहेरचं जग त्यांना बोलवत होतं, हे त्याचं कारण होतं. म्हणजे सगळ्यांनी मिळून टीव्हीसमोर बसणं कमी झालं, तरी ओट्याजवळ उभं राहून आईशी होणारं बोलणं टिकून होतं.

लार्सन यांनीच पुढे चंदीगडच्या सुमन वर्मा यांच्याबरोबर आपल्याकडच्या शहरी मध्यमवर्गीय घरांतल्या आठवीच्या मुलांचा असाच अभ्यास केला. तो २००३ साली प्रसिद्ध झाला. ही मुलं बराच वेळ घरच्यांबरोबर होती आणि त्या वेळात बहुधा आनंदातही होती. किशोरवय म्हणजे घराशी बंड, हे सगळीकडे लागू पडणारं सत्य नाही, हे त्यातून दिसलं.

खालापूर तालुक्यातली मुलं या दोन चित्रांच्या मध्ये कुठेतरी आहेत. घर, भावकी, आळी, गावचा सप्ता हे सगळं त्यांच्याभोवती अजून आहे. दहावी झाली की मात्र त्यांचा दिवस बदलतो. कॉलेजसाठी कोणी खोपोलीला जातं, कोणी लोकल पकडून कर्जतला, कोणी पनवेलला. सकाळी सहाला घर सोडलेलं मूल संध्याकाळी परततं. मधले दहा-बारा तास त्याच्या आयुष्यात काय चाललंय, हे घराला दिसत नाही. ते कळण्याचा एकच मार्ग उरतो. मुलानं ते सांगायचं.

मित्रांसमोर

मित्रांचं या वयात इतकं का चालतं? यात संगतीचा दोष शोधण्याआधी वय समजून घ्यायला हवं. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. १३ ते १६ वर्षांची मुलं, १८ ते २२ वर्षांचे तरुण आणि २४ वर्षांपुढची माणसं, असे तीन गट होते. प्रत्येकाला संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला. सिग्नल पिवळा झाल्यावर किती पुढे जायचं, हे खेळणाऱ्यानं ठरवायचं. काही जण एकटे खेळले, काहींच्या शेजारी त्यांच्याच वयाचे दोघं बसले होते. मोठ्या माणसांच्या खेळात सोबतीमुळे काहीच फरक पडला नाही. तरुणांनी सोबत असताना जवळपास दीडपट धोका पत्करला आणि किशोरवयीन मुलांनी दुपटीहून जास्त. एकटी असताना हीच मुलं बरीच सावध होती.

पावसाळ्यात झेनिथच्या धबधब्यावर किंवा भिवपुरीच्या ओढ्यात पोरं नको तिथे उतरतात, तेव्हा गावात म्हणतात, “अक्कल गहाण टाकली काय?” अक्कल शाबूत असते. मित्र बघत असताना कौतुकाची ओढ भीतीपेक्षा मोठी होते. या वयात मेंदूतला बक्षिसाला प्रतिसाद देणारा भाग झपाट्यानं जागा होतो. लगाम धरणारा कपाळामागचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. हे समजलं तर ‘तुला कळत नाही का?’ असं विचारणं आपण थांबवू आणि ‘तुझ्याबरोबर कोण कोण असणार आहे?’ हा उपयोगी प्रश्न विचारू.

कौतुकाची ओढ जितकी तीव्र, तितकाच नकारही लागतो. लंडनमध्ये सारा-जेन ब्लेकमोर यांच्या गटानं २०१० साली एक साधा खेळ वापरून हे पाहिलं. संगणकावर तिघांनी चेंडू एकमेकांकडे टाकायचा. थोड्या वेळानं दोघं तिसरीकडे चेंडू टाकणंच थांबवतात. ज्या मुली आणि तरुण स्त्रिया खेळल्या, त्यांत किशोरवयीन मुलींचा मूड मोठ्यांच्या मानानं जास्त घसरला. हे घडलं अनोळखी लोकांबरोबरच्या क्षुल्लक खेळात. मग वर्गातल्या सगळ्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे आणि आपल्याला त्यातून काढून टाकलंय, हे कळलेल्या नववीतल्या मुलीचं काय होत असेल? ती जेवत नाही, पोट दुखतंय म्हणते, शाळेला जायचं नाही म्हणते. घरचे म्हणतात, “एवढ्या तेवढ्याला काय रडायचं?” तिच्यासाठी ते एवढंतेवढं नसतं.

एक मित्र पुरतो

पालक मुलाला किती मित्र आहेत हे मोजतात. अभ्यास सांगतो, संख्येचं फारसं महत्त्व नाही. कॅनडात अर्नेस्ट हॉजेस आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली दहा-अकरा वर्षांच्या मुलांवर केलेलं काम प्रसिद्ध झालं. ज्यांना वर्गात त्रास दिला जात होता, चिडवलं जात होतं, त्यांच्यापैकी ज्यांना एक तरी जिवाभावाचा मित्र होता त्यांच्या मनावर त्या त्रासाचे परिणाम वर्षभरानं तितके साचलेले दिसले नाहीत. ज्यांना असा कोणीच नव्हता, ती मुलं जास्त घुमी आणि भित्री होत गेली. त्यामुळे आपला मुलगा सगळ्यांत मिसळत नाही, याची काळजी करण्यापेक्षा त्याच्या एका मित्राला घरी जेवायला बोलावणं जास्त मोलाचं आहे.

पण मैत्रीचा एक प्रकार मनाला थकवतोही, आणि तो बाहेरून फार चांगला दिसतो. दोन मैत्रिणी रोज तासन्‌तास बोलतात. विषय तोच. तो असं का म्हणाला, ती माझ्याकडे तशी का बघत होती, आता काय होणार. बोलून झाल्यावर दोघींनाही जवळीक वाटते, पण प्रश्न जिथल्या तिथे असतो. अमेरिकेतल्या अमांडा रोझ यांनी २००२ पासून या सवयीचा अभ्यास केला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात दिसलं की अशा बोलण्यातून मुलींची मैत्री घट्ट होत गेली आणि त्याचबरोबर उदासी आणि चिंताही वाढत गेली. मुलग्यांमध्ये मैत्री घट्ट झाली, उदासी वाढली नाही. यावर उपाय मैत्री तोडण्याचा नाही. मैत्रिणीजवळ मन मोकळं करावं, पण त्याच गोष्टीवर दहाव्यांदा बोलताना ‘आता करायचं काय?’ हे विचारणारं एखादं मोठं माणूसही आसपास असावं. मावशी, आत्या, मोठी बहीण, वहिनी, शिकवणीच्या बाई, कोणीही चालेल.

घराची शिस्त आणि घराचा धाक

आता घराकडे वळू. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६०च्या दशकात पालकांच्या वागण्याची मांडणी केली. काही घरांत फक्त हुकूम चालतो. काही घरांत मूल म्हणेल ते होतं. काही घरांत नियम असतात, पण त्यांची कारणं सांगितली जातात आणि मुलाचं म्हणणं ऐकलं जातं. तिसऱ्या प्रकारच्या घरांतली मुलं सर्वसाधारणपणे जास्त स्थिर असतात, असं पुढच्या अनेक दशकांच्या अभ्यासातून दिसत आलं.

यातला एक फरक प्रत्येक पालकानं लक्षात ठेवण्यासारखा आहे. मुलाच्या वागण्यावर नियम घालणं ही एक गोष्ट. ‘आठच्या आत घरी ये’, ‘गाडी लायसन्स मिळाल्याशिवाय चालवायची नाही’, ‘जेवताना फोन नाही’. असे नियम मुलाला जाचक वाटले तरी बहुधा त्याला सांभाळतात. मुलाच्या मनावर ताबा मिळवणं ही दुसरी गोष्ट. ‘तू असं वागलास तर मी बोलणार नाही’, ‘तुझ्यासाठी आम्ही काय काय सोसलं’, ‘शेजारच्या पोरीकडे बघ’, ‘लोक काय म्हणतील’. अबोला, अपराधीपणा आणि तुलना यांनी मूल गप्प बसतं, म्हणून ते ऐकतं असं वाटतं. ब्रायन बार्बर यांच्यासारख्या अभ्यासकांनी या दोन गोष्टी वेगळ्या करून मोजल्या, तेव्हा दुसऱ्या प्रकाराचा उदासीशी आणि स्वतःला कमी लेखण्याशी संबंध दिसला.

आपल्या जवळचा एक अभ्यास गोव्याचा आहे. विक्रम पटेल यांनी सहकाऱ्यांबरोबर १९९६ साली गोव्यात ‘संगत’ ही संस्था सुरू केली. त्यांच्या गटानं १२ ते १६ वर्षांच्या २,०४८ मुलामुलींची पाहणी करून २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. निदान होण्याजोगा मानसिक आजार १.८१ टक्के मुलांत आढळला. इतर ठिकाणच्या आकड्यांच्या मानानं हे प्रमाण बरंच कमी होतं. आजाराशी कोणत्या गोष्टींचा संबंध दिसला, ते इथे महत्त्वाचं. अभ्यासात अडचणी, मारहाण किंवा शिवीगाळ सोसलेली असणं, राहत्या भागात सुरक्षित न वाटणं, तंबाखू. मुलगी म्हणून दुजाभाव सोसणाऱ्या मुलींत प्रमाण जास्त होतं. आणि ज्या मुलांना संकटात पहिला आधार घरच्यांचा वाटत होता, त्यांच्यात आजार कमी होते.

अमेरिकेत १९९७ साली मायकेल रेस्निक आणि सहकाऱ्यांनी सातवी ते बारावीच्या १२,११८ मुलांच्या माहितीवरून असंच काही मांडलं होतं. आईवडिलांशी जवळीक वाटणं आणि शाळा आपली वाटणं, या दोन गोष्टी मुलांना मानसिक त्रास, हिंसा आणि व्यसनं यांपासून दूर ठेवतात. गोव्यातलं घर आणि अमेरिकेतलं घर यांत किती अंतर! तरी मुलाला लागणारा आधार एकच निघाला.

कळतं कसं?

प्रत्येक पालकाला वाटतं, मुलावर लक्ष ठेवलं की सगळं कळतं. फोन तपासायचा, मित्रांना फोन करायचे, दप्तर उघडून बघायचं. स्वीडनमधले हाकान स्टॅटिन आणि मार्गारेट केर यांनी २००० साली हा समज तपासला. चौदा वर्षांची मुलं आणि त्यांचे पालक यांना त्यांनी विचारलं, की पालकांना जे माहीत आहे ते कुठून कळलं? तीन वाटा होत्या. पालकांनी खोदून विचारलं म्हणून, पालकांनी कडक नियम ठेवले म्हणून, की मुलानं आपणहून सांगितलं म्हणून? पालकांना असलेल्या माहितीचा सगळ्यात मोठा वाटा तिसऱ्या वाटेनं आला होता. ज्या पालकांना मुलाचं जग माहीत होतं, त्यांना ते मुलानं सांगितलेलं होतं. जास्त पाळत ठेवल्यानं जास्त कळत नव्हतं. आपल्यावर पाळत आहे असं वाटणारी मुलं उलट जास्त अडचणीत दिसत होती.

मग मूल आपणहून का सांगतं आणि का थांबतं? याच अभ्यासकांच्या गटानं २०१० साली त्याचंही उत्तर शोधलं. मुलानं काही सांगितलं आणि पालक भडकले, टोमणा मारला किंवा तेच नंतर भांडणात काढलं, तर मुलाला आपल्याला आवळलं जातंय असं वाटू लागतं आणि ते पुढे लपवायला शिकतं. ऐकून घेणारं घर मिळालं तर मूल बोलत राहतं. या संपूर्ण विषयाचं सार मला इथे दिसतं. मुलानं पहिल्यांदा अवघड गोष्ट सांगितली, त्या पाच मिनिटांत आपण काय केलं, यावर पुढची कितीतरी वर्षं ठरतात.

हा संवाद कोणत्याही गावात ऐकू येईल:

“कुठं होतास रे?”

“कुठं नाय. इथंच होतो.”

“इथंच म्हणजे? शिंदेकाकांनी फाट्यावर बघितलं तुला.”

“मग विचारता कशाला?”

बापाला मुलाची काळजी आहे. मुलाला मात्र एवढंच ऐकू येतं की उत्तर आधीच ठरलंय आणि हा प्रश्न सापळा आहे. यापेक्षा “शिंदेकाका म्हणाले तू फाट्यावर होतास. जेवायचा थांबलो होतो, काळजी वाटली” हे सरळ सांगितलं तर मुलाला खोटं बोलायची गरज राहत नाही.

खालापूर-कर्जतची घरं

आतापर्यंतचे अभ्यास वाचताना आपल्या मनात एक ठरावीक घर येतं, आईवडील संध्याकाळी घरी, मुलाची वेगळी खोली. या दोन तालुक्यांत अशी घरं आहेत, पण सगळी तशी नाहीत. खोपोलीला १९१५ साली टाटांचं वीजघर सुरू झालं तेव्हापासून हा पट्टा कामगारांचा आहे. कारखान्यात तिसऱ्या पाळीला जाणारा बाप सकाळी मूल शाळेत निघताना येऊन झोपतो. आईही कुठे पॅकिंगला, कुठे फार्महाउसवर, कुठे धुणंभांडी करायला जाते. अशा घरात ‘मुलांना वेळ द्या’ हा उपदेश जखमेवर मीठ ठरतो. त्यांना वेळ कुठून मिळणार? दिलासा इतकाच की लार्सन यांच्या अभ्यासात टिकून राहिलेली गोष्ट तासांची नव्हती, एकट्यानं होणाऱ्या बोलण्याची होती. पाळी बदलण्याआधीची दहा मिनिटं, मोटारसायकलवर मागे बसवून स्टेशनवर सोडतानाचा रस्ता, भाकऱ्या करताना शेजारी बसलेली मुलगी. समोरासमोर बसून नजरेला नजर देण्यापेक्षा अशा शेजारी-शेजारी असण्यात मुलं जास्त बोलतात.

कातकरी वाड्यांवरचं चित्र याहून अवघड आहे. कातकरी हा महाराष्ट्रात आदिम म्हणून नोंद झालेल्या तीन जमातींपैकी एक. दिवाळीनंतर पुष्कळ कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मूल बरोबर गेलं तर शाळा आणि वर्गमित्र सुटतात. आश्रमशाळेत राहिलं तर आईबाप अनेक महिने दिसत नाहीत. दोन्ही आधारांपैकी एक निवडावा लागतो आणि ती निवडही मुलाच्या हातात नसते. अशा मुलांसाठी आश्रमशाळेतला वसतिगृहाचा सोबती भावासारखा होतो. तिथल्या अधीक्षकांनी आणि शिक्षकांनी मुलाला घरच्यांशी फोनवर नियमित बोलता येईल, याची सोय केली तर ती मोठी मानसिक मदत आहे.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इरशाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले आणि ५७ माणसं बेपत्ताच राहिली. वाडीतली काही मुलं त्या रात्री आश्रमशाळेत होती म्हणून वाचली, आणि सकाळी त्यांना कळलं की घर राहिलेलं नाही. अशा आघातानंतर मुलांना पैसा, घर, शिक्षण तर लागतंच. त्याबरोबर लागतात ओळखीची माणसं. आपल्याच वाडीची मुलं एकत्र राहणं, एखादी मामी किंवा आजी रोज भेटणं, शाळा पुन्हा नेहमीच्या वेळेला भरणं. आपत्तीनंतर मुलांना सावरण्याचे बहुतेक मार्ग यावरच उभे आहेत, की नाती तुटू द्यायची नाहीत, दिवस पुन्हा नेमानं सुरू करायचा आणि मूल बोलेल तेव्हा ऐकायचं, बोलत नसेल तर खोदून विचारायचं नाही.

मुलींचं वेगळं सांगायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. अशा मुलीचं किशोरवय मध्येच संपतं. आईवडील आणि मैत्रिणी दोन्ही एका दिवसात दूर जातात. ज्यांचं लग्न होत नाही त्यांच्याही बाबतीत एखाद्या मुलाशी बोलताना दिसली की फोन काढून घेतला जातो, कॉलेज बंद होतं. त्यामुळे कोणी त्रास देत असेल, फोटोवरून धमकावत असेल, तरी मुलगी घरी सांगत नाही. सांगितलं तर आपलंच शिक्षण थांबेल, हा तिचा हिशोब असतो, आणि तो अनुभवातून आलेला असतो. ‘काहीही झालं तरी तुझं कॉलेज बंद करणार नाही’ हे एक वाक्य आईवडिलांनी आधीच, काही घडण्यापूर्वी, मुलीला सांगून ठेवलं तर त्या धमक्यांचा जोरच निघून जातो.

काळजी कधी करावी?

कर्जतजवळ वेणगावला डॉ. भरत वाटवानी यांच्या ‘श्रद्धा’ संस्थेचं केंद्र आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोचवण्याच्या कामासाठी त्यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मानसिक आजार म्हटलं की या भागात अनेकांच्या डोळ्यांसमोर असाच गंभीर रुग्ण येतो. म्हणून “आमच्या पोराला तसलं काही नाही” असं म्हणून विषय मिटवला जातो. किशोरवयातला त्रास बहुधा वेगळ्या रूपात येतो. चिडचिड, झोपेचा पत्ता नसणं, सारखं डोकं किंवा पोट दुखणं, आवडता खेळ सुटणं, मार्क एकदम घसरणं, मित्रांचे फोन न घेणं. उदास मुलगा रडण्यापेक्षा भांडताना जास्त दिसतो. यातली एखादी गोष्ट दोन दिवस दिसली तर घाबरायचं कारण नाही. अनेक गोष्टी एकत्र दोन आठवड्यांहून जास्त टिकल्या, की मदत घ्यायची वेळ झाली.

असं होणं दुर्मीळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वर्षांच्या दर सात जणांपैकी एकाला मानसिक आजार असतो. बंगळूरच्या निम्हान्सनं केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वयात हे प्रमाण ७.३ टक्के निघालं. मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे आकडे बदलतात, पण प्रत्येक वर्गात अशी मुलं असतात हे त्यांतून नक्की होतं. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदीनुसार २०२२ साली देशात अठरा वर्षांखालच्या दहा हजारांहून जास्त मुलांनी आत्महत्या केली. पोलिसांनी नोंदलेल्या कारणांत सर्वांत वर ‘कौटुंबिक समस्या’ होती. त्याच वर्षी विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांत महाराष्ट्र देशात पहिला होता, १,७६४. एका कारणानं कोणी जीव देत नाही. अनेक ओझी एकत्र येतात, आणि ती कोणाजवळ उतरवता आली नाहीत की मूल कोंडीत सापडतं.

मूल ‘जगावंसं वाटत नाही’ म्हणालं तर ते नाटक समजू नये. “जीव द्यावा असं मनात येतं का?” असं सरळ विचारावं. विचारल्यानं ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट मुलाला सुटल्यासारखं वाटतं. त्याला एकटं सोडू नये, शेतातली औषधं आणि घरातल्या गोळ्या कुलपात ठेवाव्यात आणि डॉक्टरांकडे न्यावं. पोलीस केस होईल या भीतीनं लपवण्याची गरज नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा असा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र तणावाखालचं माणूस मानतो. त्याला शिक्षेऐवजी उपचार मिळावेत अशी त्याची भूमिका आहे. सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत आहे, आणि मराठीत बोलता येतं. मुलांना स्वतः फोन करायचा असेल तर १०९८ आहे. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री क्लिनिक’ असतात. रायगड जिल्ह्याचं रुग्णालय अलिबागला आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था लोकलच्या अंतरावर आहे. पुण्याहून १९८७ पासून निघणाऱ्या ‘पालकनीती’ मासिकानं मराठी पालकांशी या विषयांवर वर्षानुवर्षं संवाद केला आहे.

शाळेत ऐकणारं माणूस

घरी सांगता येत नाही अशा मुलांचं काय? बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या ७४ सरकारी शाळांमध्ये ‘संगत’नं केलेल्या एका मोठ्या प्रयोगात याचं उत्तर मिळतं. काही शाळांत एक स्थानिक, खास प्रशिक्षण दिलेली व्यक्ती नेमली. ती मानसोपचारतज्ज्ञ नव्हती. मुलांच्या तक्रारींची पेटी, गट, भित्तिपत्रक, वैयक्तिक सल्ला, असं काम ती करायची. दुसऱ्या काही शाळांत तेच काम शिक्षकांवर सोपवलं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पहिल्या शाळांचं वातावरण सुधारलं. तिथे दादागिरी आणि मारामारी कमी झाली, नैराश्याची लक्षणंही घटली. शिक्षकांकडे काम दिलेल्या शाळांत असा फरक दिसला नाही. शिक्षक कमी पडले असा याचा अर्थ काढू नये. मार्क देणारं आणि शिक्षा करणारं माणूस ऐकणारंही असेल, यावर मुलांचा सहज विश्वास बसत नाही, आणि शिक्षकांवर आधीच कामाचा ढीग असतो. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात गावातल्याच मुलामुलींना ‘साथिया’ म्हणून तयार केलं जातं, त्यामागेही हाच विचार आहे. किशोरवयीन मूल पहिल्यांदा आपल्या वयाच्या माणसाला सांगतं, मग त्या माणसाला ऐकायचं कसं आणि मोठ्यांकडे न्यायचं कधी, हे शिकवून ठेवायचं.

साजगाव-खोपोलीच्या पट्ट्यात हे करायला फार पैसा लागणार नाही. प्रत्येक हायस्कूलमध्ये आठवड्यातून एक दिवस येणारी एक विश्वासाची ताई किंवा दादा, वसतिगृहात एक बंद पेटी, आणि ग्रामसभेत वर्षातून एकदा या विषयावर बोलणं, एवढ्यानं सुरुवात होऊ शकते.

मूल सांगू लागलं की

शेवटी पुन्हा घराकडे यावं लागतं, कारण रात्री मूल तिथेच झोपतं. मूल काही सांगू लागलं की आधी पूर्ण ऐकावं. मध्ये ‘मी सांगितलं होतं ना’ म्हणू नये. रागावण्यासारखं असेल तर रागावण्याचं उद्यावर टाकावं, आज मूल खरं बोललं याची नोंद आधी व्हावी. “तू सांगितलंस ते बरं केलंस” हे शब्द तोंडातून जावेत. जे ऐकलं ते नातेवाइकांत किंवा आळीत सांगू नये, आणि महिन्याभरानं भांडणात काढू नये. मित्र वाईट आहे असं वाटलं तर त्याला शिव्या देण्याऐवजी त्याला घरी बोलवावं, कारण शिव्या दिल्या की मुलाला मित्राची बाजू घ्यावीच लागते. नियम मोडला असेल तर ठरलेली शिक्षा द्यावी, पण ती नियम मोडल्याबद्दल असावी, सांगितल्याबद्दल नसावी. मुलाला हा फरक कळला, की त्याला खरं बोलण्याची किंमत मोजावी लागत नाही.

आणि आईवडिलांनीही थोडं सांगावं. आज कामावर साहेब काय बोलला, मला कसं वाटलं, मी काय केलं. ज्या घरात मोठी माणसं आपलं दुःख दाबून ठेवतात तिथे मुलं दाबायलाच शिकतात. वडिलांनी एकदा “आज मन लागत नाही” असं मुलासमोर म्हटलं, तर मुलाला कळतं की असं वाटू शकतं, ते बोलता येतं, आणि बोलून माणूस लहान होत नाही. मुलाचं वय वाढेल, मित्र बदलतील, तो साजगावहून पनवेलला, पुण्याला, कुठेही जाईल. घरी सांगता येतं हा अनुभव एकदा पदरी पडला, की पुढे नोकरीत, संसारात, संकटात तो योग्य माणसाजवळ जाऊन मदत मागू शकतो. मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी आईबापांच्या हातात असलेलं सर्वांत मोठं काम हेच आहे, आणि ते आज संध्याकाळी मूल घरी आल्यावर सुरू करता येतं.